अतिभार : गादीवरचा आणि मनावरचा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मंदिर, पाठशाळा आणि वसतिगृह यांच्या वाटचालीविषयी बोलले जावे, हे उचितच होय. आजचा विषय मात्र थोडा वेगळा आहे. कित्येकांना तो अशा व्यासपीठावर अप्रस्तुतही वाटेल. समाजातील बहुसंख्य माणसे दिवसाचे दहा-बारा तास ज्या दुकानांत, पेढ्यांवर, कारखान्यांत आणि कचेऱ्यांत घालवितात, तेथे त्यांच्या मनाचे काय होते, हा तो विषय आहे.

विषय नवा दिसत असला तरी त्याचे मूळ जुनेच आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाठशाळेतील मुलांनाही ते मुखोद्गत असतात. यांतील पहिले तीन दोष आपल्या दुकानात घडत नाहीत, असे कोणताही जैन व्यापारी निःशंकपणे सांगेल. शेवटच्या दोहोंविषयी तितक्याच निःशंकपणे सांगता येईल काय? अतिभारारोपण म्हटले की डोळ्यांपुढे बैलगाडी उभी राहते आणि आता गाडीही नाही व बैलही नाही, म्हणून तो अतिचारही संपला असा सोयीस्कर समज होतो. परंतु श्रावकाचारावरील जुन्या विवेचनांत माणसाच्या ओझ्याचेही माप दिलेले आहे. ओझे वाहणाऱ्याला जेवढे स्वतः उचलता येईल आणि स्वतःच खाली उतरविता येईल, तेवढेच त्याच्यावर घालावे. बैलावर तर त्याच्या शक्तीपेक्षा किंचित कमीच घालावे आणि वेळ होताच त्याला मोकळे सोडावे.

या मापात दोन अटी आहेत. उचलता येण्याची अट सर्वांच्या ध्यानी येते. उतरविता येण्याची अट सहसा कोणी पाहत नाही. आजच्या कामाच्या ठिकाणचे दुःख मुख्यतः या दुसऱ्या अटीत आहे.

कापडाच्या दुकानाचेच उदाहरण घेऊ. लग्नसराईत एखाद्या साडीच्या दुकानातील विक्रेती सकाळी दहाला उभी राहते. एका गिऱ्हाइकापुढे चाळीस-पन्नास साड्यांच्या घड्या मोडल्या जातात, पदर खांद्यावर टाकून दाखविले जातात, आणि अखेरीस ‘घरी विचारून येतो’ असे सांगून मंडळी उठतात. त्या सर्व साड्यांच्या घड्या पूर्ववत घालीत असतानाच गादीवरून प्रश्न येतो, ‘गिऱ्हाईक का सोडलंस?’ प्रश्न अवघ्या तीन शब्दांचा असतो. पण चार सहकाऱ्यांच्या आणि दोन अनोळखी गिऱ्हाइकांच्या देखत विचारलेले ते तीन शब्द रात्री तिच्याबरोबर घरी जातात. पन्नास साड्या तिने उचलल्याही आणि खाली ठेवल्याही. तो प्रश्न मात्र तिला खाली ठेवता येत नाही.

अन्नपाननिरोधाचेही तसेच. कोणी कोणाचे अन्न हिरावून घेत नाही, हे खरे. परंतु सणाच्या गर्दीत दुपारचा डबा चार वाजता उघडावा लागतो आणि पाणी प्यावे तर स्वच्छतागृहाची सोय नाही, म्हणून दिवसभर घसा कोरडा ठेवावा लागतो. मग याला दुसरे कोणते नाव द्यावे? केरळमधील कापड दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनी याच गोष्टींसाठी अनेक वर्षे लढा दिला आणि २०१८ साली त्या राज्याने दुकानविषयक कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. तामिळनाडूनेही २०२१ साली तशी तरतूद केली. एक साधे स्टूल देण्यासाठी विधिमंडळाला कायदा करावा लागावा, ही कापड व्यवसायाला भूषणावह गोष्ट नव्हे. जीवदयेसाठी पांजरपोळ चालविणाऱ्या समाजातील व्यापाऱ्यांना तर ते कायद्याआधीच सुचावयास हवे होते.

दिवाणजींची गोष्ट आणखी निराळी आहे. तीस-तीस वर्षे रोकडवही आणि खातेवही सुवाच्य अक्षरांत राखणारी ही माणसे पेढीचा कणा होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि साध्या कापडालाही कराचे विवरणपत्र आले. बिल संगणकावर, विवरण संगणकावर, आणि चूक झाली तर दंड. पंचावन्न-साठीच्या अनेक दिवाणजींना त्या वर्षात प्रथमच स्वतःविषयी शंका वाटू लागली. कालपर्यंत ज्यांच्या शब्दावर लाखांचा व्यवहार होत असे, ते बावीस वर्षांच्या मुलाच्या पाठीमागे उभे राहून पडद्याकडे पाहू लागले. काहींनी नवी पद्धत शिकून घेतली. काही मुकाट्याने निवृत्त झाले. झोप का लागत नाही, हे मात्र क्वचितच कोणी कोणास विचारले.

समाजातील पुढची पिढी पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत आहे. तेथे ताके उचलावे लागत नाहीत, परंतु रात्री अकरा वाजता भ्रमणध्वनीवर कामाचा संदेश येतो आणि त्याला उत्तर न देणे हा उद्धटपणा समजला जातो. आता हीच सवय गावातील दुकानांतही शिरली आहे. मालकाला रात्री काही आठवले की तो व्हॉट्सॲपवर लिहून मोकळा होतो. मोकळा होतो तो मालक. वाचणारा बांधला जातो. वेळ होताच मोकळे सोडावे, हा बैलासाठी सांगितलेला नियम माणसासाठी पाळावयाचा तर रात्रीचे आठवलेले सकाळपर्यंत आपल्याच वहीत राहू द्यावे. एवढ्याने धंदा बुडाल्याचे ऐकिवात नाही.

वैद्यकशास्त्रानेही या थकव्याची दखल घेतली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात ‘बर्नआउट’ या अवस्थेचे वर्णन आहे. तिला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी ती अवस्था आहे : शक्ती संपल्यासारखी वाटणे, कामाविषयी मन विटणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. याच्या पुढची पायरी म्हणजे नैराश्य व चिंताविकार. ते मात्र आजारच होत. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दर शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. या सभागृहाला तो हिशेब लावून पाहिला, तर हा विषय अप्रस्तुत वाटणार नाही.

आतापर्यंत नोकरांविषयी झाले. गादीवर बसलेल्या माणसाचे काय? त्याला कोणी रागे भरत नाही, म्हणून त्याच्यावर भार नाही असे समजणे चूक ठरेल. कापडाचा घाऊक धंदा उधारीवर चालतो. माल आज जातो. पैसे साठ दिवसांनी, नव्वद दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा येतात, आणि यंत्रमागवाल्याला, सूतवाल्याला व बँकेला मात्र ठरल्या दिवशी द्यावे लागतात. मधली पोकळी व्यापाऱ्याने आपल्या पतीवर भरून काढावयाची. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, त्यापाठोपाठचा नवा कर आणि मार्च २०२० ची टाळेबंदी या तीन धक्क्यांत ती पोकळी अनेकांच्या बाबतीत दरीएवढी झाली. शास्त्रात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत : अनिष्टाचा संयोग, इष्टाचा वियोग, वेदना आणि निदान. त्यांतील पहिले दोन प्रकार पाहावयाचे असतील तर ग्रंथ उघडण्याचे कारण नाही. वसुलीच्या वहीपुढे बसलेल्या व्यापाऱ्याचा चेहरा पाहिला तरी पुरे.

आणि हा माणूस ते कोणालाही सांगत नाही. पत्नीला नाही, कारण ती घाबरेल. मुलाला नाही, कारण त्याचे लग्न ठरावयाचे आहे. भावाला नाही, कारण वाटणीचा प्रश्न निघेल. समाजात तर नाहीच, कारण अब्रू. बाजारात एकदा कुजबुज झाली की उधार मिळणे बंद होते, ही भीती अगदीच खोटी नाही. म्हणून तो पंचकल्याणकात नेहमीप्रमाणे बोली बोलतो, लग्नात नेहमीप्रमाणे खर्च करतो आणि आतून रिता होत जातो. वर्तमानपत्रांतून जेव्हा एखाद्या कर्जबाजारी व्यापाऱ्याने जीवन संपविल्याची बातमी येते, तेव्हा शेजारीपाजारी एकच वाक्य बोलतात : ‘काल तर हसत होते.’

या मौनाला धर्माचा आधार नाही, हे येथे स्पष्टपणे सांगावयास हवे. जैन परंपरेत आत रुतून बसलेल्या दोषाला शल्य म्हटले आहे, शल्य म्हणजे काटा. आणि जो निःशल्य आहे तोच व्रती, असे सूत्रकारांचे मत आहे. सहा अंतरंग तपांत पहिले प्रायश्चित्त, आणि प्रायश्चित्ताच्या नऊ भेदांत पहिली आलोचना. गुरूपुढे काहीही न लपविता सांगणे, ही आलोचना होय. उपवासाच्या संख्येची पत्रिका छापली जाते. आलोचनेची छापता येत नाही, म्हणून की काय, ती मागे पडली आहे. येथे एक भेद ध्यानी ठेवावा. आलोचना दोषाची असते. मनाचा आजार हा दोष नव्हे. ज्याला नैराश्याने घेरले आहे त्याला ‘आर्तध्यान करू नका’ असा उपदेश करणे म्हणजे पाय मोडलेल्याला लंगडू नका म्हणण्यासारखे आहे. परंतु विश्वासाच्या माणसापुढे मन उघडे करण्याची जी रीत आलोचनेत आहे, तिचा सराव असलेल्या समाजाला डॉक्टरपुढे बोलणे जड जाऊ नये.

‘असाता वेदनीय कर्माचा उदय आहे, भोगून संपवावा’ असेही म्हटले जाते. मधुमेह आणि हृदयविकार यांनाही तोच उदय कारण मानला जातो; तरी त्यांसाठी कोणी औषध सोडून बसत नाही. औषधदान हे चार दानांपैकी एक आहे आणि देशभर जैन ट्रस्टांनी दवाखाने उघडले ते त्याच भावनेने. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे मनाला खचितच शांत करतात; औषधाची जागा ती घेऊ शकत नाहीत, आणि तसा दावाही शास्त्राने केलेला नाही. कोणी अविचाराने देहत्यागाला सल्लेखनेचे नाव देत असेल, तर तेही तत्काळ खोडून काढावे. सल्लेखनेत कषाय क्षीण झालेले असतात. अपमानाच्या आणि कर्जाच्या भयाने व्याकूळ झालेल्या मनात ते धगधगत असतात.

कायदाही आता माणसाच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा मे २०१८ पासून लागू झाला. ज्याने आत्महत्येचा प्रयत्न केला तो तीव्र तणावाखाली होता असे त्यात गृहीत धरले आहे आणि त्याला उपचार देण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. दिवसा अथवा रात्री केव्हाही मराठीत बोलता येते. हा क्रमांक मंदिराच्या सूचना फलकावर, दुकानाच्या गल्ल्यामागे आणि वसतिगृहाच्या जिन्यात लिहून ठेवावयास खर्च काय येणार?

ट्रस्टनेही सुवर्णमहोत्सवी वर्षात दोन गोष्टींचा विचार करावा. पूर्वी बाजारात पंच असत. अडचणीत आलेला व्यापारी आपल्या वह्या घेऊन त्यांच्याकडे जाई. पंच देणेकऱ्यांना बसवून मुदत बांधून देत आणि माणूस पुन्हा उभा राहत असे. ही पद्धत मोडली ती कोर्टकचेऱ्या वाढल्यामुळे, तितकीच पंचांच्या तोंडाला कुलूप राहिले नाही म्हणूनही. ज्यांनी पन्नास वर्षांत कोणाची गोष्ट बाहेर नेली नाही अशी तीन माणसे समाजात आजही सापडतील. त्यांत एक सनदी लेखापाल असावा आणि एक स्त्री असावी, कारण घरातील ताण पुष्कळदा प्रथम तिच्याच कानी येतो.

दुसरी गोष्ट जागेची आहे. धर्मशाळेतील एक खोली महिन्यातून दोन दिवस मानसोपचारतज्ज्ञ अथवा समुपदेशक यांच्यासाठी राखून ठेवावी. ती जैनांइतकीच दुकानांतील जैनेतर नोकरांसाठीही खुली असावी. मात्र ती खोली मुख्य सभामंडपालगत नसावी, तेथे देणगीदारांच्या नावाची फरशीही बसवू नये आणि येणाऱ्यांची नोंदवही कार्यालयात ठेवू नये. मागच्या गल्लीकडे उघडणारे दार जेथे आहे, ती भांडीकुंडी ठेवण्याची खोली रिकामी केली तरी काम भागेल. प्रथम कोणी फिरकणार नाही. सहा महिने तज्ज्ञांना रिकामे बसावे लागले तरी त्यांचे मानधन देत राहण्याची तयारी विश्वस्तांनी ठेवावी.