लाल आणि हिरवा एकाच गोळ्यात ओतू नका

नोव्हेंबर सरत आला की रील्सवर एक ठरलेला व्हिडिओ फिरायला लागतो. पारदर्शक काचेचा गोळा, त्यात तीन थेंब निळे, तीन जांभळे, दोन सोनेरी, हात गोल फिरतो आणि आत आख्खी आकाशगंगा तयार. तीस सेकंदांत काम फत्ते! बघून वाटतं, अरे हे तर मीही करीन. आणि खरंच कराल, अवघड काहीच नाही. फक्त त्या व्हिडिओत वास येत नाही ना, म्हणून आजचा भाग.

तर, अल्कोहोल इंक म्हणजे काय? अल्कोहोलमध्ये विरघळवलेला रंग. वॉटरकलरसारखा पाण्यात नाही. म्हणून तो काच, टाइल, धातू अशा गुळगुळीत, न शोषणाऱ्या गोष्टींवर बसतो. अल्कोहोल उडून जातं, रंग मागे राहतो. आणि यातली गंमत अशी की वाळलेल्या रंगावर पुन्हा अल्कोहोल पडलं की तो पुन्हा जागा होतो, वाहायला लागतो. म्हणजे रंग तुम्ही निवडता, पण चित्र काढतं ते अल्कोहोल. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं.

सामान काय लागेल? वरची धातूची टोपी निघते असे काचेचे पारदर्शक गोळे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला नाताळच्या आधी सजावटीच्या सामानाची रेलचेल असते, तिथे बघा, पण हातात घेऊन बघा. बरेच गोळे प्लास्टिकचे असतात. चालतात तेही, पण काही प्लास्टिक अल्कोहोलने धुरकट होतं, त्यामुळे आधी एकावर करून बघायचं. इंकच्या तीन बाटल्या पुरे. बारा रंगांचा सेट घेऊ नका, मनापासून सांगते. एका गोळ्याला आठ-दहा थेंब लागतात, पंधरा मिलीच्या बाटलीत कमीत कमी तीनशे थेंब असतात. करा हिशोब.

आणि पातळ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए. मोबाईल रिपेअरवाले बोर्ड पुसायला वापरतात तेच. बाटलीवर ९९ टक्के लिहिलेलं घ्या. ७० टक्केवाल्यात उरलेलं बहुतेक पाणी असतं, ते हळू वाळतं आणि रंगाचे ठिपके ठिपके होतात. लॉकडाऊनमधलं सॅनिटायझर उरलंय, ते वापरू का, असं कुणीतरी विचारणारच. नको! त्यात ग्लिसरीन असतं, जेल असेल तर आणखी काहीबाही, आणि काच चिकट राहते.

आता कृती. टोपी काढताना जपून, कारण गोळ्याच्या गळ्याची कड बऱ्याचदा घासलेली नसते, बोट कापतं. आत थोडं आयपीए घालून खळबळून ओतून टाका. त्याने आतली धूळ आणि तेलकटपणा जातो. गोळा पूर्ण वाळू द्या. मग पहिल्या रंगाचे दोन-तीन थेंब, गोळा तिरका करून हळूहळू फिरवा. रंग जिथे जायचं तिथे जाईल. अडला तर आयपीएचा एक थेंब. एकच! तिथून रंग मागे सरकतो आणि कडेला गडद रेघ उमटते, तीच तर सगळी नक्षी. सोनेरी रंगाची बाटली मात्र आधी नीट हलवा, त्यातले धातूचे कण तळाशी बसलेले असतात.

आता शीर्षकाकडे येऊ. नाताळ म्हटलं की आपण लाल आणि हिरवा घेतो, हो ना? आणि हे दोन रंग एकत्र आले की होतो मातकट तपकिरी. समोरासमोरचे रंग आहेत ते, एकमेकांना मारतात. कॅनव्हासवर ते शेजारी शेजारी ठेवता येतात, इथे दोघंही वाहणारे. लाल वाळू दिला आणि मग हिरवा ओतला तरी हिरव्यातलं अल्कोहोल लालला उठवतं. म्हणून दोन गोळे करा, एक लाल-सोनेरी, एक हिरवा-सोनेरी, आणि शेजारी टांगा. एकाच गोळ्यात घालायचे तर निळा-हिरवा, किंवा लाल-गुलाबी-केशरी असे सख्खे शेजारी निवडा.

झालं की गोळा उपडा करून कागदी कपवर ठेवा, जास्तीचा रंग निथळू दे. आणि टोपी लगेच लावायची नाही. वाफ आत कोंडली की रंग सुकत नाही, रात्रभरात खाली घसरतो. एक दिवस उघडा राहू दे. लवकर वाळावा म्हणून तोंडाने फुंकू नका, श्वासातली वाफ काचेला लागून रंग धुरकट होतो. कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा असतो ना, तो उत्तम.

हेअर ड्रायर? इथे जरा थांबते, कारण आजचं खरं बोलायचं ते हेच आहे.

आयपीएची वाफ साधारण १२ अंश सेल्सियसलाच पेट घेण्याइतकी तयार होते. आपल्याकडे डिसेंबरातही खोलीचं तापमान त्याच्या वरच असतं. म्हणजे बाटली उघडी असेल तेवढा वेळ ठिणगी मिळाली की पेटणारं काहीतरी खोलीत असतं. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, खाली साचते, जमिनीवरून सरकते. वन-बीएचकेमध्ये हॉलच्या फरशीवर तुम्ही बसलात आणि स्वयंपाकघरात गॅस चालू आहे, किंवा देवापुढे निरांजन लावलंय, तर हे अंतर काहीच नाही. हेअर ड्रायर आणि हीट गनमध्ये तापलेली तार असते, त्यामुळे तेही नको. आणि काही व्हिडिओंत इंकवर लायटर धरून ज्वाळेने नक्षी काढतात. बघायला भारी दिसतं. अरुंद तोंडाच्या गोळ्यात ती वाफ पेटली तर ज्वाळा भसकन गळ्यातून बाहेर येते, हातात काच असते आणि समोर तुमचा चेहरा. दिसण्यासाठी इतकं देण्यासारखं त्यात काही नाही.

म्हणून दुपारी करा, दार-खिडकी दोन्ही उघडी, गॅस बंद, दिवा-उदबत्ती नाही, एसी लावून बंद खोलीत तर अजिबात नाही. आपला नेहमीचा मास्क, अगदी एन-९५सुद्धा, वाफ अडवत नाही, तो धुळीसाठी असतो. डोकं जड झालं तर उठून बाहेर जायचं. हातमोजे घाला, नाहीतर चार दिवस निळी बोटं घेऊन फिराल. लहान मुलांना रंग निवडू द्या, ओतण्याचं काम मोठ्यांनी करावं. इंकने भिजलेले टिश्यू बाल्कनीत पूर्ण वाळवून मग कचऱ्यात.

[पाणी पिण्याचा आवाज] सॉरी. हां.

हे गोळा फिरवणं काही आजचं नाही बरं का. जर्मनीत थुरिंगियात लाऊशा नावाचं काचकामाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तिथले लोक घराघरांत ज्वाळेवर काच फुंकून नाताळचे गोळे करायचे. आत चकाकी यावी म्हणून गळ्यातून सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण ओतायचे आणि गोळा हलवत राहायचे, चांदीचा थर सगळीकडे बसेपर्यंत. रंग मात्र बाहेरून द्यायचे. १८८० च्या सुमारास वूलवर्थ या अमेरिकन दुकानदाराने हे गोळे विकायला आणले आणि मग ते अमेरिकेत घरोघरी गेले. आपण उलटं करतो, रंग आत. त्याचा फायदा म्हणजे बोटं लागून रंग पुसला जात नाही, वर वॉर्निशही लागत नाही. काच स्वतःच झाकण.

पण उजेडापासून ती वाचवत नाही. बऱ्याचशा अल्कोहोल इंक डायच्या असतात आणि डाय उन्हात फिकट होतो, गुलाबी-जांभळे तर आधी. त्यामुळे खिडकीत टांगू नका. झाडावर, दारातल्या चांदणीखाली, गोठ्याच्या बाजूला, जिथे थेट ऊन येत नाही तिथे. एलईडीची माळ चालते. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणानंतर सजावट उतरवली की कागदात गुंडाळून बंद खोक्यात.

आणि तुमच्यातले काहीजण हे इन्स्टावर विकणार, माहीत आहे मला. विका की! फक्त खोक्यात एक चिठ्ठी टाका, 'उन्हात ठेवू नये'. पुढच्या नाताळला फिकट गोळा हातात घेऊन गिऱ्हाईकाने मेसेज करण्यापेक्षा हे बरं. आणि किंमत लावताना बिघडलेले गोळे धरायला विसरू नका. तसे ते फुकट जात नाहीत म्हणा, आत आयपीए घालून खळबळलं की रंग सुटतो आणि काच पुन्हा कोरी.

कुणी करून बघितलं तर फोटो पाठवा, लाल-हिरवा एकत्र ओतलेलाही चालेल. पुढच्या आठवड्यात भेटू.