चेहरा यादीत आहे, मग कागद कशाला?

(जालना येथील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



मतदाराने केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखविलेच पाहिजे काय, या प्रश्नावर काल येथे बोलणाऱ्या बहुतेकांनी 'नाही' असे उत्तर देऊन टाकले. गरिबाजवळ कागद नसतो, म्हणून कागद मागणारी व्यवस्था गरिबाच्या विरोधी, असा तो युक्तिवाद. मला तो अर्धाच पटतो. आपल्या भागात ज्याचे मत परस्पर दुसराच देऊन जातो, तो माणूसही गरीबच असतो.

अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल अंगावर असते. ती फेडून माणसे परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. २०२४ ची विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला झाली. म्हणजे नाव गावच्या यादीत आणि माणूस कारखान्याच्या फडात! गैरहजर माणसाच्या मताइतकी सोयीची वस्तू गावच्या पुढाऱ्याला दुसरी नाही. मतपत्रिकेच्या दिवसांत "तोडीला गेलेल्यांची मते उरकून घ्या" ही भाषा मी माझ्या कानांनी ऐकली आहे. यादीत तेव्हा नुसते नाव असे. ओळख तपासण्याने पहिले संरक्षण मिळते ते या मजुराच्या मताला, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

मतदारांना ओळखपत्रे देण्याची कल्पना तशी जुनी. १९६० मध्ये कलकत्त्याच्या एका लोकसभा मतदारसंघात तिचा प्रयोग झाला. अनेक स्त्रियांनी छायाचित्र काढू देण्यास नकार दिला आणि तो बेत बारगळला. पुढे १९९३ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांनी देशभर ओळखपत्रांचा आदेश काढला आणि १ जानेवारी १९९५ नंतर ओळखपत्रांवाचून निवडणुकाच घेणार नाही, असे बजावले. प्रत्यक्षात १९९५ च्या आरंभी महाराष्ट्राची निवडणूक झालीच. शेषन यांचा हेतू चोख होता. पण पत्रे तयार करावयाची राज्याने आणि ती झाली नाहीत म्हणून निवडणूक गमवावयाची नागरिकाने, हा न्याय मला तेव्हाही उमगला नव्हता.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी सांगतो. लोकसभेच्या एका निवडणुकीत मी एका खेड्यातील केंद्रावर प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. तोडीवरून नुकतीच परतलेली एक बाई आली. तिचे ओळखपत्र फडावरच्या कोपीत राहिले होते. यादीत तिचे नाव होते, नावाशेजारी छायाचित्रही होते, थोडे काळवंडलेले. केंद्राध्यक्षाने कागद मागितला. तिच्याजवळ तो नव्हता. आम्ही तिघे प्रतिनिधी तिला ओळखत होतो. तिघेही गप्प बसलो. मी गप्प बसलो, कारण तिचे मत आमच्या उमेदवाराला पडणार नाही असा माझा अंदाज होता. ती काही न बोलता निघून गेली.

त्या दिवशी ज्या अधिकाऱ्यापुढे तिचा चेहरा छापलेला होता, त्यानेच तिच्याकडे चेहऱ्याचा पुरावा मागितला. माझे म्हणणे येथेच आहे. छायाचित्र राज्याने काढले आहे, यादीत छापले आहे. मग जुळवून पाहण्याचे कामही राज्याचेच. छायाचित्र अस्पष्ट असेल तर ते नीट काढावे. ओळख जरूर पटवावी, मात्र तिचे ओझे मतदाराच्या पिशवीत टाकू नये.

१९६१ च्या निवडणूक नियमांत एक शहाणपण आहे. मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेणाऱ्या प्रतिनिधीने आधी दोन रुपये अनामत भरावयाची. आक्षेप खोडसाळ ठरला तर ती जप्त. म्हणजे किंमत मोजावयाची ती संशय घेणाराने. ओळखपत्राच्या सक्तीने हा क्रम उलटा झाला. आता संशय फुकट आहे.

पर्यायी कागदपत्रे चालतात, हे मला ठाऊक आहे. आधार, छायाचित्र असलेले पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड, अशी बरीच मोठी यादी २०२४ मध्ये होती. पण तोडीला जाणारी बाई हे सारे एकाच डब्यात ठेवते, आणि तो डबा ती जाईल तेथे जातो किंवा जात नाही. त्यातून नावाचा घोटाळा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले गेल्यामुळे सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून गळाल्या. तो प्रकार मुख्यतः उत्तरेकडचा. आपल्याकडची बाई नाव सांगते, पण लग्नानंतर ते बदलते आणि एका कागदावर बाप, दुसऱ्यावर नवरा येऊन बसतो.

ब्रिटनमध्ये मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत ही सक्ती प्रथमच झाली. किमान चौदा हजारांच्या आसपास माणसे केंद्रावरून परत गेली आणि पुन्हा आलीच नाहीत. तो देश साक्षर, रस्ते चांगले, कोणी तोडीला गेलेले नाही. आणि कागद जपून ठेवला तरी त्याचा मान राहतोच असे नाही. २०२५ मध्ये बिहारच्या यादी-पुनरीक्षणात आयोगाने मान्य केलेल्या अकरा दस्तऐवजांत आयोगाचेच मतदार ओळखपत्र नव्हते! आधार हा बारावा दस्तऐवज म्हणून घ्यावा लागला, तोही सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर.

मग आपण काय करावयाचे? टोळ्या निघण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या आत, मुकादमाच्या दारी जमणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचे नाव आणि छायाचित्र यादीत ताडून पाहावे. चुकले असेल तर अर्ज तेथेच भरून घ्यावा. केंद्रावर आपला प्रतिनिधी बसेल, त्याने ओळखीच्या माणसाची ओळख सांगावी, मग ते मत कोणालाही पडो. आणि ज्याचे मत आधीच कोणी देऊन गेले असेल त्याला नियम ४९-पी समजावून सांगावा. त्याला वेगळी मतपत्रिका मागण्याचा हक्क आहे. ती पाकिटात बंद होते, नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. पण चोरी झाल्याची नोंद मात्र राहते. ही नोंद करून घ्यायला आपल्यापैकी किती जणांनी आजवर कोणाला नेले आहे?