जबानी कोण लिहितो?

(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सीमाप्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय येते. महाराष्ट्र सरकारने 2004 साली दाखल केलेल्या दाव्याची तारीख कधी, हे आपण एकमेकांना विचारत असतो. मला आज बोलायचे आहे ते आपल्या गावातल्या कोर्टाबद्दल. तेही न्यायाधीश किंवा वकिलांबद्दल नव्हे, तर न्यायाधीशांच्या पुढ्यात, खालच्या बाजूला बसून टकटक करणाऱ्या माणसाबद्दल. म्हणजे स्टेनोबद्दल.

मी बँकेत कारकून आहे. थकीत कर्जाचे दावे, न वटलेल्या चेकच्या फिर्यादी यांत खातेउतारा शाबीत करायला बँकेचा माणूस जातो. 1891 चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायदा आहे म्हणून जाडजूड लेजरे बगलेत मारून न्यावी लागत नाहीत, प्रमाणित उतारा चालतो. पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचे, आणि कोर्टात बसणे म्हणजे दिवस जाणे. त्यामुळे या मंडळींचे काम जवळून पाहायला मिळाले. कॉलेजात असताना मीही टायपिंग-शॉर्टहँडचा क्लास केला होता, म्हणून बोलायला विषयही होता.

पिटमनच्या लिपीत बारीक रेघ म्हणजे ‘प’, तीच ठळक केली की ‘ब’. वेग वाढला की स्वर गाळायचे आणि नंतर संदर्भावरून शब्द लावायचे. म्हणजे ज्याला विषय कळतो त्यालाच आपले टिपण नीट वाचता येते. या माणसाला कोणी नुसता टायपिस्ट म्हणाले की मला राग येतो तो यासाठी.

सिनेमात दाखवतात तसा प्रत्येक शब्द उतरवून घेणे आपल्या खालच्या कोर्टात सहसा होत नाही. अमेरिकेत कोर्ट रिपोर्टर स्टेनोटाइप यंत्रावर प्रश्न आणि उत्तर दोन्ही जसेच्या तसे घेतात. आपल्याकडे साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते मनात जुळवून सांगतात आणि स्टेनो टाइप करतो. प्रश्न गळून पडतो, ‘मी’ने सुरू होणारे निवेदन उरते. उलटतपासातली गोष्ट नाकारली की ‘असे म्हणणे खरे नाही की’ हा ठरलेला साचा. कायद्यालाही हे मान्य आहे. न्यायाधीशांना वाटले तर ते प्रश्नोत्तर रूपाने लिहून घेऊ शकतात.

आता यात भाषा घाला. साक्षीदार मराठीत बोलतो, वकील कन्नडमध्ये विचारतो, न्यायाधीश कधी कन्नड तर कधी इंग्रजीत सांगतात. समजा, आपल्या खानापूर तालुक्यातला एक म्हातारा म्हणाला, ‘‘शेत भावाला वाट्यानं दिलंय.’’ वाट्याने म्हणजे पिकाच्या हिश्श्यावर कसायला, हे आपल्याला सांगावे लागत नाही. कन्नडमधला ‘पालु’ हा शब्द पिकाच्या हिश्श्यालाही चालतो आणि वाटणीलाही. तिथून इंग्रजीत जाताना ‘वाटणीत दिले’ झाले, की जमीन गेली. यात कोणाचा दुष्टपणा असावा लागत नाही. आणि तो ‘भाऊ’ सख्खा की चुलत, हे तर कोणी विचारतही नाही.

टिळकांवरच्या 1908 च्या खटल्यात भांडण याचेच होते. लेख मराठी, न्यायाधीश दावर, ज्यूरी बहुतेक युरोपियन आणि पुढ्यात सरकारी भाषांतर. ही भाषांतरे मूळ मराठीचा अर्थ बिघडवतात, हा टिळकांच्या बचावाचा एक मोठा भाग होता. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी त्यांनी स्वतः केली. पुढे ते जवळजवळ एकवीस तास बोलले. ज्यूरीचा कौल सात विरुद्ध दोन आणि शिक्षा सहा वर्षांची. ते भाषण आज आपल्याला वाचता येते, कारण लघुलेखन करणारे कोणीतरी तिथे होते आणि न. चिं. केळकरांनी खटल्याचा शब्दशः वृत्तांत त्याच वर्षी छापून काढला.

या लोकांच्या भटकंतीबद्दलही सांगायला हवे. आज बेळगाव, मग बदली हुक्केरी, चिक्कोडी, अथणी. प्रत्येक ठिकाणची बोली वेगळी, शिव्यासुद्धा वेगळ्या, आणि जबानीत शिवी आली तर तीही लिहावी लागते. 2002 पासून दिवाणी दाव्यात सरतपास प्रतिज्ञापत्रावर होतो आणि उलटतपास कोर्ट कमिशनरकडेही सोपवता येतो. साक्षीदार अंथरुणाला खिळलेला असेल तर कमिशनर त्याच्या घरी जातो आणि सोबत टाइप करणारा जातो. धारवाडला हायकोर्टाचे सर्किट बेंच 2008 साली आले, त्याआधी अपिलासाठी बेंगळूर गाठावे लागे. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचे सर्किट बेंच सुरू झाले. आपण वकिलांचे फेटे बांधलेले फोटो पाहिले. असे पीठ बसवायचे तर कागद सांभाळणारे आणि लिहिणारेही लागतात. त्यांचे फोटो कोण काढतो?

यंत्र येईल आणि हे सगळे जाईल, असे तरुण मुले म्हणतात. फेब्रुवारी 2023 मध्ये महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाची सुनावणी चालू असताना सर्वोच्च न्यायालयात यंत्राने शब्दांकन सुरू झाले, हे खरे. पण तिथे इंग्रजी बोलणारे वकील होते. आमच्या म्हाताऱ्याचे ‘वाट्यानं’ यंत्राला कितपत कळेल, याची मला शंका आहे.

तोवर हक्क काय, ते ऐका. फौजदारी खटल्यात साक्ष पुरी झाली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते. ज्या भाषेत लिहिली ती त्याला कळत नसेल, तर त्याच्या भाषेत समजावून सांगायची. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 278 कलमात होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 313 मध्ये आहे. दिवाणीत ऑर्डर 18 चा नियम 6 पाहा. साक्षीदाराने चूक दाखवली तर न्यायाधीश दुरुस्ती करू शकतात किंवा निदान त्याची हरकत नोंदवू शकतात. पण दुपारी साडेचार वाजता, पुढची दहा प्रकरणे खोळंबलेली असताना, हे मागितल्याशिवाय मिळत नाही. आपली माणसे मागत नाहीत. अंगठा देतात आणि पाच पन्नासची बस गाठतात.

शेवटी एक सूचना करतो, काहींना ती आवडणार नाही. मराठी फलकासाठी आपण लाठ्या खाल्ल्या, तो लढा सोडा असे मी म्हणत नाही. पण आपल्या किती मुलांनी कन्नड लघुलेखनाची परीक्षा दिली? कन्नड येणारा मराठी मुलगा त्या खुर्चीत बसला, तर ‘वाट्यानं’ म्हणजे काय ते न्यायाधीशांना नम्रपणे विचारायला निदान एक माणूस तिथे असेल. मंडळाची खोली संध्याकाळी रिकामी असते. निवृत्त स्टेनो शिकवायला मिळतील, दोन-तीन जुने संगणक आम्ही बँकेतले मित्र मिळून घेऊन देऊ. कार्यकारिणीने हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा, अशी विनंती करतो आणि खाली बसतो.