वाचता वर्ग, वाढता शिक्षक



प्राथमिक शिक्षकांच्या या संमेलनाची अध्यक्ष म्हणून थेट विषयाकडे वळते. वर्ग भाषेने समृद्ध करायचा म्हटले की आपली पहिली नजर भिंतींकडे जाते. बोलक्या भिंती, छतापासून लोंबणारे शब्दतक्ते, दारावर बाराखडी, पायऱ्यांवर पाढे आणि कोपऱ्यात ‘वाचन कोपरा’ अशी पाटी. यांतले काहीही वाईट नाही. पण वर्गात किती मजकूर लावला आहे यावरून त्याची समृद्धी मोजता येत नाही. दिवसभरात मुलाला वाचण्या-लिहिण्याचे खरे कारण किती वेळा मिळाले, हा माझ्या मते तिचा खरा मापदंड आहे. अशी कारणे रोजच्या रोज निर्माण करणे स्वतः वाचणाऱ्या, लिहिणाऱ्या आणि मुलांकडे बारकाईने पाहणाऱ्या शिक्षकालाच जमते. म्हणून वर्ग समृद्ध करण्याची एक योजना आणि शिक्षक घडवण्याची दुसरी, अशी जी वाटणी आपण केली आहे, तीच मुळात चुकीची आहे. आजच्या भाषणात मला एवढेच मांडायचे आहे.

आधी परिस्थिती पाहू. मुलांच्या वाचनाची पातळी तपासणारी ‘असर’ची सर्वेक्षणे २००५ पासून होत आहेत. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते. महामारीत शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये ते ४२.८ टक्क्यांवर आले. २०२४ मध्ये ते सावरले, पण निम्म्याच्या आतच राहिले. महामारीचे कारण दोन-चार वर्षांपुरते खरे आहे, पण हा आकडा इतकी वर्षे निम्म्याच्या आसपासच का घुटमळत आहे, हे त्याने उलगडत नाही. त्यासाठी वर्गाच्या आत डोकावावे लागते. आपल्याकडचे वाडा आणि कर्नाटकातले यादगीर या दोन ठिकाणी पहिली ते तिसरीच्या मुलांचा सलग काही वर्षे अभ्यास झाला. त्यात दिसले ते असे : वर्गातला बराचसा वेळ अक्षरे गिरवण्यात, फळ्यावरचे उतरवून घेण्यात आणि एका सुरात म्हणण्यात जातो. अर्थाबद्दल बोलणे, गोष्ट ऐकणे, मनातले लिहिणे यांच्या वाट्याला जवळजवळ काही येत नाही. म्हणजे मुले शाळेत येतात, वह्या भरतात, शिक्षकही राबतात. पण त्या श्रमांत वाचन फारसे नसते.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. गावेच्या गावे साक्षर झाली, त्यांचे समारंभ झाले. मोहिमेमागची तळमळ अस्सल होती. पण अक्षरओळख झाल्यावर रोजच्या जगण्यात वाचावे असे हाती काही राहिले नाही, तेव्हा अनेक नवसाक्षर प्रौढ पुन्हा निरक्षरतेकडे वळले. त्या प्रौढांचे गावात जे झाले, तेच आज मुलांचे वर्गात होत आहे. वापरात नसलेली अक्षरे टिकत नाहीत.

मग आपण काही केलेच नाही का? केले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. त्याच सुमारास सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग पाहायला जावे, ही त्या काळातली सर्वांत मोलाची गोष्ट होती. परंतु परत आल्यावर बऱ्याच ठिकाणी आधी उचलले गेले ते रंगकाम. फरशांवर आखणी झाली, भिंती रंगल्या, खडे आणि मणी गोळा झाले. रंग एका आठवड्यात लागतो आणि त्याचा फोटो निघतो. मूल काय विचार करते आहे हे ऐकून पुढचा प्रश्न विचारायची सवय लागायला वर्षे जातात, आणि तिचा फोटो निघत नाही. जे चटकन उचलता येते ते पसरले, आणि ज्यामुळे ते वर्ग चांगले होते ते मागे राहिले. यात शिक्षकांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. साहित्य पुरवणे सोपे आणि शिक्षकाला वाढू देणे अवघड, म्हणून व्यवस्थेने सोपी वाट धरली.

वाचण्याचे खरे कारण म्हणजे काय, हे आपल्या परंपरेतच सापडते. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक चौथीचा वर्ग हाती घेतो आणि अभ्यासक्रम बाजूला ठेवून आधी गोष्टी सांगत सुटतो. मुलांनी पाठ्यपुस्तकांसाठी आणलेल्या पैशांतून तो वर्गाचे वाचनालय उभे करतो. ती कथा कल्पित आहे, पण गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक आणि त्यांच्यासोबत अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड इथे प्रत्यक्ष जे काम केले, त्याचा गाभा तोच होता : मुलाच्या परिसरातून, त्याच्या हाती असलेल्या वस्तूंतून आणि त्याच्या बोलीतून शिक्षण उभे करायचे. आजच्या जिल्हा परिषद शाळेत याचा अर्थ अगदी साधा आहे. सकाळी दोन मुलांनी घरची बातमी सांगावी, शिक्षकाने ती त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहावी आणि वर्गाने ती वाचावी. आपल्या तोंडचे शब्द फळ्यावर उमटलेले पाहिले की लेखन म्हणजे काय, हे मुलाला व्याख्येविना कळते. पोषण आहारात आज काय शिजणार आहे ते मुलांनी लिहून लावावे. हजेरीची नावे मुलांनी वाचावीत. गोष्टीचा तास रोज व्हावा आणि ते पुस्तक नंतर मुलांच्या हाती राहावे. पाण्याची टाकी गळत असेल तर चौथीच्या मुलांनी ग्रामपंचायतीला पत्र लिहावे, आणि उत्तर आले तर तेही वर्गात वाचावे. याला खडू, फळा आणि वह्या पुरतात. घरात पुस्तक नाही, मराठी नाही, मग मूल वाचणार कसे, हा प्रश्न वारली, कोरकू, गोंडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलांबद्दल नेहमी विचारला जातो. त्या घरात गोष्टी आहेत, गाणी आहेत, शेतीचे आणि रानाचे ज्ञान आहे. ते देवनागरीत उतरवून पहिला वाचनपाठ करता येतो. तिथून प्रमाण मराठीकडे जाणे हे पुढचे पाऊल; ते पहिले करायला गेलो की मूल गप्प होते.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. आधी अक्षरे पक्की होऊ द्या, गोष्टी नंतर, असे अनेक अनुभवी शिक्षक म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपली लिपी इंग्रजीसारखी सव्वीस चिन्हांत आटपत नाही. व्यंजनांना स्वरचिन्हे लागून शेकडो अक्षरे होतात आणि वर जोडाक्षरे. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या २००७ च्या अभ्यासातून दिसले, की अशा लिपीवर पकड येण्याची प्रक्रिया तिसरी-चौथीपर्यंत चालू राहते. तेव्हा अक्षरे नीट, क्रमाने आणि मुद्दाम शिकवावीच लागतात. पुस्तके नुसती पसरून ठेवली की मुले आपोआप वाचू लागतील, या भाबडेपणाला माझा पाठिंबा नाही. पण ‘आधी’ या शब्दाला मात्र माझी हरकत आहे. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाचे जे सूत्र मांडले, त्यात लिपी उलगडणे आणि भाषा समजणे यांची बेरीज नाही, गुणाकार आहे. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. तीन-चार वर्षे फक्त अक्षरे घोटायची असतील तर तेवढा काळ मुलाचा शब्दसंग्रह, त्याची कल्पना आणि वाचनाची ओढ यांना उपाशी ठेवावे लागेल. म्हणून दिवसात अक्षरांना ठरलेला वेळ असावा आणि अर्थालाही असावा. मुलाला अजून वाचता येत नाही, तोपर्यंत शिक्षकाने वाचून दाखवावे. न वाचता येणारे मूलही उत्तम श्रोता असते.

आता शिक्षकाच्या वाढीकडे येते. एक मूल ‘पुस्तक’ हा शब्द ‘पुसतक’ असा लिहिते, दुसरे ‘पतक’ असा. लाल शाईची फुली दोघांनाही सारखीच मिळते. पण पहिल्या मुलाने शब्दातला प्रत्येक ध्वनी ओळखला आहे, त्याला फक्त अर्धे अक्षर लिहिता येत नाही. त्याला जोडाक्षराचा थोडा सराव पुरेल. दुसऱ्याकडून पहिल्या अक्षराचा उकार आणि मधला स दोन्ही गळले आहेत. शब्द फोडून ऐकण्याचे, टाळ्यांवर तोडून म्हणण्याचे खेळ त्याला हवेत. दोघांना तोच शब्द दहादा लिहायला लावला तर एकाचा वेळ वाया जाईल आणि दुसऱ्याला काहीच मिळणार नाही. चुकीमागचा विचार ओळखता येणे, हे आपल्या व्यवसायाचे खरे कसब आहे. डॉक्टर लक्षणावरून रोगाकडे जातो, तसे शिक्षकाने वहीवरून मुलाकडे जायचे असते. हे कसब सभागृहात पडद्यावर दाखवलेल्या पाट्या बघून येत नाही. ते वर्गात येते, नोंदी ठेवून येते, आणि त्या नोंदी सहकाऱ्यांपुढे मांडून पक्के होते.

असे मांडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. १८६१ मध्ये ‘शालापत्रक’ हे नियतकालिक निघाले. कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर या पितापुत्रांनी ते सांभाळले. ताराबाईंनी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली. शिक्षकाने लिहावे, दुसऱ्या शिक्षकाचे वाचावे आणि त्यातून व्यवसायाचे ज्ञान साठत जावे, ही कल्पना त्यांना परकी नव्हती. आज २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. अडचण अशी की ते तास ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या चित्रफिती पुढे सरकवून आणि प्रमाणपत्र उतरवून घेऊनही भरतात. शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला भरते. तिचा कितीतरी वेळ परिपत्रके वाचण्यात आणि माहितीचे तक्ते गोळा करण्यात जातो. परिपत्रक मोबाइलवर आधीच आलेले असते. त्याऐवजी प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातल्या तीन मुलांच्या वह्या आणाव्यात, आणि ही मुले कुठे अडली आहेत व पुढच्या महिन्यात काय करून पाहायचे यावर दीड तास चर्चा व्हावी. पुढच्या परिषदेत तीच मुले, त्याच वह्या. वर्षभर असे झाले तर त्या पन्नास तासांना खरा अर्थ येईल. नवा निधी किंवा नवे पद यासाठी लागत नाही.

यावर तुमच्या मनात जे आले ते मला माहीत आहे : वेळ कुठून आणायचा? दोन शिक्षक आणि चार इयत्ता, मतदार याद्या, ऑनलाइन भरायची माहिती, आहाराच्या नोंदी. ही तक्रार खरी आहे आणि ती या व्यासपीठावरून ठणकावून मांडली पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकाला अशैक्षणिक काम देण्यास मनाई केली आहे. कायद्यातल्या त्या अपवादांच्या फटीतून किती कामे आत शिरली, याचा हिशेब शासनाने द्यावा. पण दुसरी बाजूही आपणच बोलली पाहिजे. उरलेल्या वेळात आज जे उतरवून घेणे चालते, त्यातली वीस मिनिटे गोष्ट वाचून दाखवायला आणि वीस मिनिटे मुलांच्या स्वतःच्या लेखनाला देणे आपल्याच हाती आहे. त्यासाठी कुठल्याही परवानगीची गरज नाही. शिवाय अनेक इयत्ता एकत्र असणे ही प्रत्येक वेळी अडचणच असते असे नाही. चौथीच्या मुलाने पहिलीच्या मुलाला पुस्तक वाचून दाखवले तर दोघांचेही वाचन वाढते.

पुस्तकांचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, हा त्याच कायद्याच्या परिशिष्टातला निकष आहे. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आहे. पुस्तके बहुतेक शाळांत पोहोचली आहेत, पण ती कपाटात आहेत आणि कपाटाला कुलूप आहे. कारण पुस्तक डेडस्टॉकच्या, म्हणजे कायम वस्तूंच्या, नोंदवहीत चढते, आणि हरवले किंवा फाटले तर मुख्याध्यापकाला उत्तर द्यावे लागते. शिक्षकाला दोष देण्याआधी हा नियम बदला. बालपुस्तके ही खडूसारखी खर्ची पडणारी वस्तू माना आणि दरवर्षी काही टक्के पुस्तके फाटणार हे गृहीत धरा. दहा वर्षे कोरे करकरीत राहिलेले बालपुस्तक हा लेखापरीक्षणात आक्षेपाचा विषय व्हायला हवा.

शिक्षक मित्रांनो, निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झाले तेव्हा तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरली. मुदत पाळण्याच्या घाईत पुन्हा तक्ते, चाचण्या आणि अहवाल यांचीच गर्दी होण्याचा धोका आहे. तो टाळायचा असेल तर या संमेलनाने तीन ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. शिक्षण परिषदेचा किमान अर्धा वेळ मुलांच्या वह्यांवरील चर्चेसाठी राखून ठेवावा. बालपुस्तके डेडस्टॉकमधून वगळावीत. आणि कलम २७ ची अंमलबजावणी जिल्हानिहाय जाहीर व्हावी. हे तिन्ही ठराव शासनाकडे जातील. चौथा मात्र आपण आपल्यापुरता करायचा आहे : येत्या सोमवारपासून रोज वर्गात एक गोष्ट वाचून दाखवायची, आणि महिन्याला एक पुस्तक स्वतःसाठी वाचायचे. पहिल्या तीन ठरावांची उत्तरे यायला वेळ लागेल. चौथ्यासाठी कोणाच्या उत्तराची वाट पाहू नका.