जुनापाणीचीं शिलावर्तुळें

नागपूरच्या पश्चिमेस, काटोलच्या वाटेवर, जुनापाणी गांवाजवळ मोठाल्या काळ्या धोंड्यांचीं सुमारें ३०० वर्तुळें आहेत. वर्तुळाच्या आंत दगडमातीचा ठेंगणा उंचवटा असतो. वाटसरूच्या तो ध्यानींहि येत नाहीं. पण सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वींच्या मनुष्याचें तें थडगें होय. रिव्हेट-कारनॅक यांनीं व १९६१-६२ मध्यें थापर यांनीं येथें उत्खनन केलें. लोखंडी आयुधें व काळींतांबडीं मडकीं मिळालीं. जवळच माहुरझरीस डॉ. शां. भा. देव यांनीं १९७०-७२ मध्यें उत्खनन केलें, तेव्हां मृतांसोबत पुरलेले घोडे आढळले. त्यांच्या मस्तकांवर तांब्याचे अलंकार होते.

आवडतें जनावर सजवून धन्याबरोबर धाडणाऱ्या ह्या लोकांनीं आपलें एकहि नांव लिहून ठेविलें नाहीं. धोंडे कसे रचिले, मृताजवळ काय व कोठें ठेविलें, ही मांडणी हाच त्यांचा लेख. म्हणून बांधासाठीं वा खडीसाठीं तेथील एक धोंडा उचलणें म्हणजे त्या लेखांतील एक ओळ पुसणें होय. आणि ती पुन्हां कोणासहि लिहितां येणार नाहीं.