अडचण आणि उपाय : इंग्रजी परीक्षेतला एक निबंध

परदेशी शिकावयास जाणाऱ्या पुष्कळ मुलांना आयईएलटीएस नावाची इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. आता आपल्या वऱ्हाडातल्या खेड्यांतली मुलेमुलीही तिला बसतात. तिच्या लेखनाच्या भागात दुसरा प्रश्न निबंधाचा. कमीत कमी २५० शब्द, वेळ साधारण ४० मिनिटे, आणि वजन पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट. एखादी अडचण देतात, तिची कारणे व उपाय विचारतात. येथे भलीभली मुले मागे पडतात.

का पडतात? इंग्रजी कच्चे म्हणून, असे आपण चटकन म्हणतो. मला ते पुरते पटत नाही. वह्या तपासताना दिसते ते असे : सरकारने पावले उचलावीत, जनतेत जागृती करावी, शिक्षणाचा प्रसार व्हावा. हे तीन उपाय प्रदूषणाला चालतात, बेकारीला चालतात आणि रस्त्यावरच्या मोकाट गुरांनाही चालतात! परीक्षक चार गोष्टी पाहतो : प्रश्नाला उत्तर दिले काय, विचारांची जुळणी, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. चौघींना सारखेच वजन. पहिल्या दोन तर विचाराच्याच झाल्या. पाठ केलेला निबंध तेथेच उघडा पडतो.

समजा, प्रश्न आला : खेड्यांतले तरुण शेती सोडून शहराकडे जातात, याची कारणे कोणती व उपाय कोणते? आधी प्रश्न नीट वाचावा. कधी कारणे विचारतात, कधी त्यातून उद्भवणाऱ्या अडचणी. गावात म्हातारी माणसेच उरतात, ही अडचण झाली, कारण नव्हे. ही गल्लत फार होते.

आता कारण शोधू. नांदगाव पेठच्या मुलाने ते दूर कशाला शोधावे? प्रश्नपत्रिकाच सांगते की स्वतःच्या अनुभवातले दाखले द्या. कपाशीचा भरवसा उरला नाही, हे एक कारण. दाखला २०१७ सालचा. त्या वर्षी विदर्भात गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटीचे अतोनात नुकसान केले. पण ‘अळी आली’ एवढ्यावर थांबू नये. ती का आली ते लिहावे. बीटीच्या वाणाला अळी दाद देईनाशी झाली होती. कडेने बिगरबीटी सरकी लावावयाची, ती अनेकांनी लावली नाही. शिवाय पाणी असलेल्या वावरात फरदड घेतली, म्हणजे पऱ्हाटी उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवली, आणि अळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळत राहिले.

एवढे कारण हाती आले की उपाय त्यातूनच निघतो : डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उपटावी, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर ठेवू नयेत, कामगंध सापळे लावावेत. पण येथे आणखी एक पायरी आहे, आणि हुशार मुलेही ती गाळतात. कास्तकार फरदड घेतो ती चार पैसे जास्तीचे मिळतात म्हणून. ते पैसे बुडाले तर त्याने काय करावे? पाण्याची सोय असेल तर हरभरा पेरावा. उपाय कोणी करावयाचा आणि त्याला तो परवडेल कसा, हे एका वाक्यात आले की निबंधात जीव येतो.

दुसरे कारण, कापूस आपल्याकडे पिकतो पण त्याचे सूत आणि कापड बहुधा दूर होते. कामही तिकडेच जाते. त्यावर उपाय म्हणून नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीतल्या कापड कारखान्यांचा दाखला देता येईल. मात्र गावच्या पोराला तेथे कारागिराचे काम मिळायचे तर आधी ते शिकावे लागेल, हेही लिहावे. दोन कारणे, दोन उपाय. २५० शब्दांत याहून जास्त कोंबू नये. परीक्षकाला बोंडअळी ठाऊक नसेल; कपाशीच्या बोंडात शिरणारा किडा, एवढे अर्ध्या वाक्यात सांगितले की पुरे.

शिक्षकबंधुभगिनींनो, वर्गात हा विषय प्रथम मराठीतच बोलू द्या. फळ्यावर डावीकडे कारणे, उजवीकडे उपाय मांडा आणि मुलांना रेघांनी जोडावयास सांगा. ज्या उपायाला रेघ मिळत नाही तो पुसून टाका. मग इंग्रजीत लिहू द्या. पहिले सात-आठ निबंध घड्याळ न लावताच होऊ द्यावेत. ४० मिनिटांची घाई त्यानंतर.