आपला धर्म आणि दुसऱ्याचें मन

आपणांस जें सत्य वाटतें तें दुसऱ्यास सांगावें, ही इच्छा मनुष्यास स्वाभाविक आहे. परंतु ऐकणाऱ्याचीही कांहीं श्रद्धा असते, आणि ती त्याला तितकीच प्रिय असते. तेव्हां धर्मप्रसारकानें कोठें थांबावें? पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत या प्रश्नाची मोठी कसोटी लागली.

रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडमध्यें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस सदन उघडलें. १८९० सालीं तें पुण्यास आलें. विधवांना आश्रय व विद्या द्यावी, त्यांच्या धर्मास हात लावूं नये, अशी बोली होती. म्हणूनच न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हिंदु गृहस्थ सल्लागार झाले. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत. मात्र दार लावून घेत नसत. कांहीं मुली आंत येऊन बसूं लागल्या. गांवांत ओरड झाली, ‘केसरी’नें कडक टीका केली, १८९३ सालीं सल्लागारांनीं राजीनामे दिले, आणि अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या.

रमाबाईंची बाजू थोडक्यांत अशी: मी कोणास बोलावीत नाहीं, आपण होऊन येणारीस हांकलून कां द्यावें? हें सहज झिडकारण्यासारखें नाहीं. स्वतःच्या खोलींत देवाचें नांव चोरून घ्यावयास लावणें, हाही परमताचा अनादरच होय.

आतां दुसरी बाजू पाहा. माझें आयुष्य शाळेंत शिकविण्यांत गेलें. मुलें अक्षराचें वळणसुद्धां मास्तरांसारखें काढूं पाहतात; तसें त्यांना कोणीं सांगितलेलें नसतें. मग जिनें अन्न दिलें, हातीं पुस्तक दिलें, तिच्या नुसत्या उघड्या दाराची ओढ केवढी असेल! ऐकणारा उठून जाऊं शकतो तेथें उपदेश हा संवाद असतो; ज्याला जाण्यास अन्य ठिकाण नाहीं, त्याच्यावर तोच उपदेश भार होतो.

तथापि विरोधकांचा पक्षही निर्दोष नव्हता. ज्यांच्यासाठीं हा वाद झाला त्या मुलींना, ‘तुमचें मन काय म्हणतें?’ असें विचारणारे थोडेच होते. सदनांतून काढलेली विधवा जाणार कोठें? पुन्हा माजघराच्या अंधारांतच!

या कोंडींतून एक वाट दाखविली ती धोंडो केशव कर्वे यांनीं. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई तेथें शिकूनही हिंदूच राहिल्या. १८९३ सालीं त्यांचा कर्व्यांशीं पुनर्विवाह झाला. पुढें १८९६ सालीं कर्व्यांनीं पुण्यास विधवांसाठीं आश्रम काढला. नुसती निंदा करीत न बसतां दुसरें दार उघडलें गेलें. दोन दारें असलीं म्हणजे त्यांपैकीं एकांत शिरणें ही निवड ठरते. एकच असलें म्हणजे ती निरुपायाची गोष्ट होते.

आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमानें धर्मप्रसाराची मुभा दिली आहे. दुसऱ्याचें धर्मांतर करणें हा मात्र हक्क नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं ठरविलें. कायदा इतकी सीमा आंखूं शकतो; उपकाराचें वजन त्याच्या तराजूंत मावत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच तोलावयाचें. म्हणून प्रसारकानें आपल्या उपदेशाच्या पाठीशीं उपकाराची भीड उभी करूं नये. आणि ज्यांस धर्मांतर खुपतें त्यांनीं निराश्रितासाठीं आपलेंही दार उघडें ठेवावें.